अकरा सेकंदांची गाठ

मुळावकर काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांच्या मिशीला पिवळंधमक मस्टर्ड लागलेलं होतं आणि ते पुसायला त्यांचा ठाम नकार होता.

चार जुलै, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ, ओहायोतल्या डब्लिन गावातलं आमचं मागचं अंगण. शेजारी नव्याने राहायला आलेल्या निखिल आणि ऋजुताला मी जेवायला बोलावलं होतं, त्यांच्याबरोबर निखिलचे वडील आले. बाकी सगळे टी-शर्ट आणि हाफ पँटमध्ये, काका बंद गळ्याच्या कोटात. मी त्यांच्या हातात व्हेजी बर्गर दिला आणि सोबत पेपर नॅपकिन. सणासाठी खास आणलेला, तारे आणि पट्टे छापलेला.

काकांनी तो दोन बोटांत धरला, उलटसुलट पाहिला, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

“अहो काका, पुसायला दिलाय तो.”

“राष्ट्रध्वजाने?”

“कागद आहे नुसता.”

“राज्यघटनाही कागदच असते,” काका म्हणाले, आणि मस्टर्ड लावून तसेच उभे राहिले.

पुढचा तासभर ते लोकांच्या मांडीवरचे, टेबलावरचे, गवतात पडलेले नॅपकिन गोळा करत फिरले. कोणाला बोलले नाहीत. नुसते शेजारी जाऊन उभे राहायचे आणि हात पुढे करायचे. लोक गोंधळून देऊन टाकायचे. मी शेवटी किचन रोल आणून दिला तेव्हा त्यांनी मिशी पुसली आणि मला विचारलं, “आपण इथल्या मराठी मंडळाच्या सचिव ना?” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘सचिव’ झाले. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मला ते फार आवडायचं. मंडळात माझ्या हाती चार सतरंज्या आणि एक माईक यांपलीकडे काही नव्हतं, पण काका ‘सचिव’ म्हणाले की मागे लाल दिव्याची गाडी उभी आहे असं वाटायचं.

काका मंत्रालयातल्या राजशिष्टाचार विभागातून निवृत्त झाले होते. पाहुणा आला की कोणी कुठे उभं राहायचं, कोणाआधी कोणी गाडीतून उतरायचं, कोणाची खुर्ची कोणाच्या उजवीकडे, हे सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्याचा परिणाम शरीरावर झाला होता. कोणाहीबरोबर चालताना ते एक पाऊल डावीकडे आणि दोन पावलं मागे असत. इंडियन ग्रोसरीत मी भेंडी निवडत असले की मागे दोन पावलांवर काका, हात मागे बांधून, जणू मी कोनशिलेचं अनावरण करतेय.

आणि खिशात कायम एक पांढरी दोरी, हातभर लांब. बसले की ती काढायचे आणि गाठ मारायचे, ओढायचे, सुटायची. पुन्हा मारायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं जादूचा प्रयोग दाखवणार आहेत.

दोरीची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्या भेटीत सांगितली, आवाज इतका खाली आणून की जणू माझ्या डब्लिनमधल्या स्वयंपाकघरात सरकारचे कान होते. मंत्रालयात येण्याआधी ते एका जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत होते. सव्वीस जानेवारी. त्या दिवशी झेंडा खालून वर चढवत नाहीत. वर काठीच्या टोकाला घडी करून बांधून ठेवलेला असतो, आत गुलाबाच्या पाकळ्या. पाहुण्याने दोरी ओढली की गाठ सुटते, झेंडा उलगडतो आणि पाकळ्या खाली येतात. गाठ पोलिसांनी मारली होती, तपासणीच्या कागदावर सही काकांची होती. मंत्र्यांनी दोरी ओढली. झेंडा उघडेना.

“किती वेळ?” मी विचारलं.

“अकरा सेकंद.”

“बस? अकरा सेकंद?”

“सचिव, तुम्ही एकदा मनातल्या मनात मोजून पाहा. समोर परेड, बँड थांबलेला, आणि मंत्री दोरी ओढतायत.”

मी मोजले. सातपर्यंत आले आणि मलाच घाम फुटला.

बाराव्या सेकंदाला गाठ सुटली, पण कारणे दाखवा नोटीस आली, आणि सेवापुस्तकात शेरा पडला: कर्तव्यात कसूर. काका त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले, पण राहिले त्या अकरा सेकंदांतच. घरचा गॅस तीनदा तपासायचे. ईशा, त्यांची नात, शाळेला निघाली की तिच्या बुटांच्या लेस ओढून पाहायचे. “आजोबा, इट्स फाइन,” ती म्हणायची. काका म्हणायचे, “ओढेपर्यंत सगळंच फाइन असतं.”

त्यांची खरी काळजी मात्र वर्ध्याला होती. कुसुमताई, त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, काकांना तिनेच वाढवलं. आता ती एकटी, सांभाळायला एक बाई, आणि डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जात चाललेली. काकांना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, ती आपल्याला ओळखतेय तोवर. पण काका ग्रीनकार्डवर. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की परतताना विमानतळावर चौकशी, वर्ष उलटलं तर कार्डच धोक्यात. मागच्या खेपेला पाच महिने राहून आले तर खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, आपण राहता नक्की कुठे? काकांना तो प्रश्न आठवडाभर पुरला.

त्यावर उपाय एकच होता, आणि आमच्याकडचे बरेच म्हातारे तोच करतात. अमेरिकेचं नागरिक व्हायचं. मग भारतात कितीही राहायची मुभा देणारं ओसीआय कार्ड काढायचं आणि खुशाल जायचं. म्हणजे वर्ध्याला निवांत राहता यावं म्हणून काकांना आधी अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची होती. मी यावर मनसोक्त हसले होते. काका हसले नाहीत. अर्ज भरायला बसले.

दर रविवारी सकाळी ते वर्ध्याला व्हिडिओ कॉल करत. मी चहाला तिथेच असे. काका “ताई, मी” म्हणायचे आणि त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर जायची. पलीकडे सुरकुतलेला चेहरा स्क्रीनकडे पाहत राहायचा. मग: “दिनू! जेवलास का?”

“दोन,” काका मला हळूच सांगायचे. कधी तीन. अर्ज टाकला त्या रविवारी चार.

अर्जाने घरात युद्ध पेटवलं. त्यात एक प्रश्न होता, परदेशात तुमच्याकडे वंशपरंपरागत किताब आहे का? काकांच्या आजोबांना इंग्रजांनी रावसाहेब केलं होतं. काकांनी त्यावर दीड पानाचं स्पष्टीकरण लिहिलं. आणि दुसरा प्रश्न: अटक झाली नाही, पण तुम्ही कधी काही गुन्हा केला आहे का? काका त्या प्रश्नापाशी दोन दिवस बसले.

“बाबा, नो लिहा,” ऋजुता म्हणाली.

“राष्ट्रध्वजाच्या बाबतीत माझ्या हातून…”

“तो क्राइम नाहीये. ताई, तुम्ही सांगा ना यांना.”

मी सांगितलं. काकांनी ‘नो’वर खूण केली, पण अशा हाताने की त्यांना आत्ताच बेड्या पडणार आहेत.

ऋजुताची भीती वेगळीच होती. “ताई, हे बोलतात फार. आजकाल किती कडक झालंय सगळं. एखाद्या ऑफिसरला काही करेक्ट केलं ना, तर संपलंच.” तिच्या भीतीला आधार होता. लायब्ररीचं प्रकरण नुकतंच घडलं होतं.

काका रोज चालत लायब्ररीत जात. तिथे दारात दोन झेंडे, एक देशाचा, एक ओहायोचा. वारा नसल्याने रोज नुसता लोंबणारा ओहायोचा झेंडा एके दिवशी वारा सुटल्यावर काकांनी प्रथमच पूर्ण उलगडलेला पाहिला. टोकाला तो फाटलेला. मधोमध पाचर मारल्यासारखा, दोन शेपट्या फडफडतायत. काका आत गेले, काउंटरवरच्या बाईंपुढे सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, अत्यंत खेदाने कळवतो, तुमच्या राज्याचा ध्वज कोणीतरी कापला आहे.”

बाई धावत बाहेर गेल्या. पाहिलं. आणि हसत सुटल्या. ओहायोचा झेंडा तसाच असतो. पन्नास राज्यांत तो एकच चौकोनी नाही.

काका पांढरेफटक पडून घरी आले. त्या बाईंना हाताने माफीपत्र लिहिलं. मग अमेरिकेच्या ध्वजाचे नियम सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढले, आणि स्वतःला एक नियम घालून घेतला. तो मला फिरायला गेलो असताना सांगितला, दोन पावलं मागून. “पाहुण्याने यजमानाला देवघर कुठे असावं ते सांगू नये, सचिव. इथे यापुढे मी बोलणार नाही. घरचा होईपर्यंत.”

मग परीक्षेची तयारी. इतर म्हातारे शंभर प्रश्न पाठ करतात. काकांनी भिंतीवर तक्ता लावला: संसद, राष्ट्राध्यक्ष, न्यायालय, प्रत्येकाखाली रेषा, रेषेखाली रेषा. एक गोष्ट मात्र त्यांच्या पचनी पडेना.

“राष्ट्रप्रमुखही हाच आणि सरकारप्रमुखही हाच?”

“हो काका.”

“मग हा परदेशातून परत आला की त्याच्या स्वागताला कोण जातं? आपल्याकडे दोघं असतात. एक दमला तर दुसरा उभा राहतो. याला बिचाऱ्याला स्वतःच स्वतःपुढे उभं राहायचं.” व्हाइट हाऊसमधल्या माणसाची इतकी कनवाळू काळजी मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिली नाही. कोणत्या पक्षाचा, हे काकांनी कधी विचारलं नाही.

ऋजुता रोज जेवताना सराव घ्यायची. “राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघंही नसतील तर कोण?”

“सभागृहाचे स्पीकर. त्यानंतर सिनेटचे हंगामी अध्यक्ष, त्यानंतर परराष्ट्रमंत्री, त्यानंतर अर्थ…”

“बाबा! स्पीकर. फुल स्टॉप.”

“पण ते गेले तर?”

“ऑफिसरने तसं विचारलंय का?”

“विचारलं नाही म्हणून माणसं मरायची थांबतात का?”

मुलाखतीच्या दिवशी निखिल कामासाठी टेक्सासला होता, ऋजुताची हॉस्पिटलमध्ये शिफ्ट. गाडी मी चालवली. त्या आधीच्या रविवारी कुसुमताईंनी सहा सेकंद घेतले होते. काका मागच्या सीटवर डावीकडे बसले, दोरी हातात. वाटेत त्यांनी एकच विषय काढला: “अधिकाऱ्याने तो गुन्ह्याचा प्रश्न तोंडी विचारला तर?”

“नो म्हणायचं.”

“शपथेवर?”

सुरक्षेच्या दाराशी दोरी काढून ट्रेमध्ये ठेवायला लागली तेव्हा काकांचे हात उघडे पडल्यासारखे दिसत होते.

मी बाहेर बसले. पाऊण तास. माझ्यासमोरची माणसं गेली, हसत बाहेर आली, निघून गेली. काकांचा पत्ता नाही. मी ऋजुताला मेसेज केला, ‘ऑल गुड’, कारण दुसरं काही सुचलं नाही. मनात मात्र काका सतराव्या क्रमांकाच्या मंत्र्यापर्यंत पोचले असणार असं दिसत होतं.

शेवटी दार उघडलं. काका बाहेर आले, हातात कागद. मी कागद ओढून घेतला. पास. खाली स्पष्ट छापलेलं, शिफारस केली आहे.

“काका, झालं!”

“झालं का?” ते म्हणाले. गाडीत बसलो. मग मागून आवाज आला.

“उत्तरं सगळी दिली. स्पीकरवर थांबलो. ऋजुताला सांगा.”

“शाब्बास.”

“मग तो प्रश्न आला. मी थांबलो. त्या अधिकारी बाईने पेन खाली ठेवलं. सचिव, किती थांबलो ते तुम्हाला सांगायला नको.”

“काका, तुम्ही सांगितलंत?”

“विचारलं. म्हटलं, मॅडम, समारंभात ध्वज अकरा सेकंद उघडला नाही, आणि तपासणीची सही माझी होती, तर तुमच्या कायद्यात तो गुन्हा आहे का? तिने सगळं ऐकून घेतलं. पाकळ्यांचंही विचारलं. कोणत्या फुलाच्या असतात वगैरे.”

“आणि?”

“म्हणाली, ‘नो सर. दॅट्स जस्ट अ बॅड डे.’”

मी आरशात पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. “बॅड डे,” ते पुन्हा म्हणाले, एखाद्या नव्या हुद्द्याचं नाव उच्चारावं तसं. घरापर्यंत दोरी खिशातच राहिली.

शपथविधी सहा आठवड्यांनी एका कॉलेजच्या सभागृहात होता. रविवारचा आकडा आठवर गेला होता. दारात शिरताना ग्रीनकार्ड काढून घेतात, प्रमाणपत्र शपथ झाल्यावर मिळतं. मधला तासभर माणसाच्या हातात काही नसतं. “दहा वाजेपर्यंत भारताचाच,” काका म्हणाले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. ऋजुता, ईशा आणि मी मागे.

ऋजुताने माझा दंड पकडला. “ताई. झेंडा.”

मंचावर दोन झेंडे होते. ओहायोचा, दोन शेपट्यांचा, आमच्या डाव्या हाताला. देशाचा उजव्या हाताला. काकांच्या सरावात बसून बसून आम्हा दोघींनाही नियम पाठ झाला होता: देशाचा झेंडा वक्त्याच्या उजवीकडे, म्हणजे आमच्या डावीकडे. उलटं लावलं होतं.

आम्ही काकांच्या मानेकडे पाहत राहिलो. ती मान आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, मग ताठ झाली. “बोलू नका, बोलू नका,” ऋजुता दात आवळून पुटपुटत होती. “तिकडे कुसुमताई वाट बघतायत, बोलू नका.” भाषण झालं. काका हलले नाहीत. देशांची नावं पुकारली, आपापल्या देशाच्या नावावर माणसं उभी राहिली. भारत म्हटल्यावर काका उभे राहिले, कोटाचं वरचं बटण लावून. उजवा हात वर. शपथ. टाळ्या. बसायला सांगितलं.

सगळे बसले. काका उभेच.

प्रमाणपत्रं अजून टेबलावर होती. काका पायऱ्यांपाशी गेले. ऋजुताने डोळे मिटले. मी मिटले नाहीत, असला प्रसंग मी सोडणाऱ्यातली नाही. समारंभ चालवणाऱ्या बाई वाकल्या आणि काकांचं इंग्रजी माईकने टिपलं.

“मॅडम, आय ॲम अ सिटिझन सिन्स फोर मिनिट्स. मे आय से समथिंग अबाउट अवर फ्लॅग?”

बाईंनी झेंड्यांकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. मग कपाळाला हात लावला आणि हसल्या. “यू आर राइट, सर. गिव्ह मी अ हँड?”

बंद गळ्याचे काका आणि त्या बाई, दोघांनी मिळून पितळी बैठकीसकट देशाचा झेंडा मंचाच्या या टोकाकडून त्या टोकाला नेला. ओहायोचा काकांनी एकट्याने उचलला, त्याच्या दोन शेपट्या नीट सावरून. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. प्रचंड टाळ्या पडल्या. त्या दिवशीचं पहिलं प्रमाणपत्र काकांना मिळालं.

पण अजून बरंच बाकी होतं: अमेरिकन पासपोर्ट, मग भारताचा पासपोर्ट रद्द करून घेणं, मग ओसीआय. महिने गेले. जुन्या पासपोर्टवरचे सिंह काकांनी पाकिटात घालण्यापूर्वी रुमालाने पुसले. रविवारी अकरा सेकंद झाले तेव्हा त्यांनी मला आकडा सांगितला नाही. मीही मोजत होते. त्याच्या पुढच्या रविवारी कुसुमताईंनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि अत्यंत अदबीने हात जोडले. “नमस्कार,” त्या म्हणाल्या. काकांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

दोन आठवड्यांनी कार्ड आलं. ते गेले.

पुढच्या हिवाळ्यात मी नागपूरला भाचीच्या लग्नाला गेले आणि वाट वाकडी करून वर्ध्याला उतरले. संध्याकाळचे साडेपाच. खोलीत खाट, खाटेवर कुसुमताई, शेजारी खुर्चीवर काका, कोटात. आमचं बोलणं सुरू झालं तोच ताई त्यांच्याकडे वळल्या.

“आपण कोण?”

खुर्ची मागे सरकली. काका उभे राहिले, वरचं बटण लावलं, हात जोडले. “नमस्कार. मी दिनकर मुळावकर. आपला धाकटा भाऊ. अमेरिकेहून आलो.”

“अगबाई, एवढ्या लांबून? बसा ना. अहो, यांना पाणी द्या कोणीतरी.”

काका बसले. बाईने पाणी आणून दिलं, काका ते प्याले. दहा मिनिटांनी ताईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा खुर्ची, बटण, नमस्कार, पुन्हा पाणी.

“तुम्ही त्यांना आपण म्हणता?” मी हळूच विचारलं.

“सुरुवातीला ‘ताई, तू’ म्हणायचो. बावरायची. अनोळखी माणूस अरेतुरे करतोय म्हणून.” मग म्हणाले, “उभ्या नोकरीत इतरांना खुर्ची दाखवली, सचिव. मला कोणी बसा म्हटलं नव्हतं. ही दिवसातून वीसदा म्हणते.”

डास घोंघावायला लागले. काका उठले. खाटेच्या वर मच्छरदाणी गुंडाळून बांधलेली होती, पांढऱ्या दोरीने. ती दोरी मी ओळखली. काकांनी दोन बोटांनी गाठ चाचपली आणि टोक ओढलं.

गाठ क्षणात सुटली. जाळी उलगडत खाली आली आणि तिच्यातून गुलाबाच्या पाकळ्या ताईंच्या केसांवर, पांघरुणावर, उघड्या तळहातांवर पडल्या. ताई वर पाहून खुदकन हसल्या.

“रोज घालता?” मी विचारलं.

“रोज. तिला रोज नवीनच असतं.”

मी निघाले. फाटकाची कडी लावत असताना आतून कुसुमताईंचा आवाज आला, कौतुकाने भरलेला: “किती छान हो. पण आपण कोण?”

आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज.